उष्णता पंप

उष्णता पंप : कमी तापमानाच्या ठिकाणची उष्णता शोषून घेऊन ती अधिक तापमानाच्या ठिकाणी नेऊन सोडणारी यंत्रणा. उष्णता आपोआप वाहते ती नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे. तिला उलट दिशेने न्यावयाचे असल्यास बाहेरून कार्य पुरवावे लागते, असे ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो. विहिरीतील पाणी पंपाने वर चढवावे तशीच ही क्रिया असल्यामुळे या यंत्रणेस हे नाव पडले आहे. घरगुती फ्रिज व वातानुकूलन यंत्र हीदेखील तत्त्वतः उष्णता पंपच होत. तथापि व्यवहारात ही संज्ञा घर उबदार ठेवण्यासाठी अथवा पाणी तापविण्यासाठी वापरलेल्या यंत्रणेस लावतात.

इतिहास : सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यांनी १८२४ मध्ये उष्णता व कार्य यांच्या संबंधाचे मूलभूत विवेचन केले. बाष्प संपीडनाने बर्फ तयार करणाऱ्या यंत्राचे एकस्व (पेटंट) जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये मिळविले. त्यात ईथर वापरण्याची योजना होती. अशा यंत्राने इमारती थंड तसेच उबदारही ठेवता येतील, ही कल्पना विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये मांडली. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील नगरगृह उबदार ठेवण्यासाठी लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप १९३८ मध्ये बसविण्यात आला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर यूरोपात या यंत्रणेकडे अधिक लक्ष वेधले गेले.

कार्य : यंत्रणेतील बंद नळीमार्गातून एक द्रव्य सतत फिरत असते. त्यास प्रशीतक म्हणतात. बोलण्यात त्याला ‘गॅस’ असे म्हटले जाते. द्रवाचा उकळबिंदू दाबावर अवलंबून असतो व उकळताना द्रव मोठ्या प्रमाणावर सुप्त उष्णता शोषून घेतो, या दोन गुणधर्मांवर सर्व क्रिया आधारलेली आहे. उदा., प्रोपेन हे प्रशीतक सु. ४ बार दाबाखाली −५° से. ला उकळते. बाहेरील हवा ५° से. इतकी थंड असली, तरी ती या द्रवापेक्षा उष्णच असते; त्यामुळे तिच्यातील उष्णता घराबाहेरील वेटोळ्यात (बाष्पकात) शिरते व दर किग्रॅ. प्रोपेनामागे सु. ३८० किलोजूल उष्णता शोषली जाऊन द्रवाचे बाष्प होते. विजेवर चालणारा संपीडक हे बाष्प दाबून त्याचा दाब सु. १५ बार करतो. या दाबाला ते ४५° से. ला द्रवरूप होते. म्हणून घरातील वेटोळ्यात (संघनकात) ते आपली उष्णता २०° से. च्या हवेस देऊन पुन्हा द्रव बनते. शेवटी प्रसरण झडपेतून जाताना त्याचा दाब व तापमान उतरून चक्र पूर्ण होते. चार तोंडांच्या झडपेने प्रवाहाची दिशा पालटली की, दोन्ही वेटोळ्यांची कामे बदलतात व तेच यंत्र उन्हाळ्यात घर थंड करते.

कार्यमान गुणांक : मिळालेली उष्णता व त्यासाठी खर्च झालेले कार्य यांच्या गुणोत्तरास कार्यमान गुणांक म्हणतात. त्याची सैद्धांतिक कमाल मर्यादा निरपेक्ष तापमानांवरून काढता येते. वरील उदाहरणात ती ३१८ ÷ (३१८ − २६८), म्हणजे सु. ६·४ येते. घर्षण इत्यादींमुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्मा, म्हणजे सु. ३ गुणांक मिळतो. म्हणजेच १ किलोवॉट-तास विजेत सु. ३ किलोवॉट-तास उष्णता घरात येते व त्यांपैकी दोन बाहेरील हवेतून आलेल्या असतात. साध्या विद्युत् तापकात हा गुणांक फार तर १ असतो. दोन तापमानांतील अंतर वाढेल तसा गुणांक घटतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत हवेपेक्षा जमिनीतून वा भूजलातून उष्णता घेणे फायद्याचे ठरते.

प्रशीतके : प्रारंभीची अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड व मिथिल क्लोराइड ही प्रशीतके विषारी असल्यामुळे घरात गळती झाल्यास प्राणावर बेतत असे. टॉमस मिज्ली व त्यांचे सहकारी यांनी १९२८ मध्ये क्लोरोफ्ल्युओरोकार्बने सुचविली. ती बिनविषारी, अज्वलनशील व अतिशय स्थिर होती; पण हीच स्थिरता घातक ठरली. ती न विघटता वातावरणाच्या वरच्या थरांत पोहोचतात व तेथे सुटलेले क्लोरीन ओझोनाचा नाश करते, असे मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखविले. १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार त्यांचा वापर क्रमाने थांबविण्यात आला. त्यांच्या जागी आलेली हायड्रोफ्ल्युओरोकार्बने ओझोनास अपायकारक नाहीत. मात्र ती पृथ्वीचे तापमान वाढवितात. आर-४१०ए या मिश्रणाचा १ किग्रॅ. वातावरणात सुटल्यास शंभर वर्षांच्या अवधीत होणारा परिणाम सु. २ टन कार्बन डाय-ऑक्साइडाइतका असतो. आर-३२ चा परिणाम याच्या सु. एक-तृतीयांश आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार या वर्गाचाही वापर घटवावयाचा असून भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार भारताने २०४७ पर्यंत ८५ टक्के घट करावयाची आहे.

प्रोपेनाचा तापनपरिणाम नगण्य आहे, पण ते ज्वालाग्राही असल्याने यंत्रातील त्याच्या प्रमाणावर मर्यादा घालतात. भारतात गोदरेज कंपनीने २०१२ मध्ये प्रोपेनावर चालणारी खोली-वातानुकूलन यंत्रे बाजारात आणली. कार्बन डाय-ऑक्साइड जळत नाही, परंतु त्याला फार उच्च दाब लागतो. पाणी तापविणारे तसे पंप जपानमध्ये २००१ पासून वापरात आहेत.

सर्वस्वी निर्दोष असे प्रशीतक नाही. म्हणून मार्ग गळतीविरहित राखणे महत्त्वाचे ठरते. प्रशीतक हे इंधनाप्रमाणे खर्च होत नाही. ते कमी झाले असल्यास गळती आहे असे समजावे. ती शोधून बुजविल्याशिवाय पुन्हा ‘गॅस भरणे’ म्हणजे तो हवेत सोडणेच होय. यंत्र मोडीत काढतानाही प्रशीतक योग्य साधनाने काढून घेऊन साठवावे लागते. अन्यथा विजेच्या बचतीने साधलेल्या लाभाचा मोठा भाग वाया जातो.