खाऱ्या पाण्याच्या टाकीतले आगंतुक कसे ओळखावेत?

मंडळी, येरमाळ्यापासून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर. पण घरच्या मत्स्यपेटीसाठी तो आता पार्सलने येतो. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ घातलं की पाणी तयार, आणि सोबत येतो ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे प्रवाळाचा सच्छिद्र दगड. चैत्र पौर्णिमेच्या येडेश्वरीच्या यात्रेत आपण चुन्याचे खडे वेचतो ना? हा दगडही मुख्यतः त्याच कॅल्शियम कार्बोनेटचा. फरक एवढाच, की याच्या भोकाभोकांत जीव लपलेले असतात. महिना-दोन महिन्यांनी ते बाहेर येतात आणि घरात आरडाओरडा होतो, ‘टाकीत किडे पडले!’

आम्ही नेहमी सांगतो, आधी ओळख, मग उपाय. दिवा बंद करून तासा-दोन तासांनी तांबड्या उजेडात बघा. बऱ्याच समुद्री जीवांना तांबडा उजेड फारसा दिसत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. मग तीन प्रश्न विचारा. तो एका जागी चिकटलेला आहे की फिरतो? पाय आहेत का? अंगावर गांडुळासारखी वलयं आहेत का? काचेला पट्टी लावून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो.

वलयं आहेत आणि दोन्ही बाजूंना पांढरे केस आहेत, तर तो ब्रिसलवर्म. दिसायला भयंकर, पण बहुतेक जाती उरलंसुरलं अन्न खाऊन टाकी साफ ठेवतात. फक्त हात लावू नका, केस कातडीत रुततात. तुरुतुरु पळणारे बारीक, वाकड्या पाठीचे जीव म्हणजे अँफिपॉड, माशांचं आयतं खाणं. रात्री काचेवर ‘टक्’ असा आवाज येतो आणि सकाळी गोगलगाय फुटलेली सापडते, तेव्हा मँटिस श्रिम्पचा संशय घ्या. याला मात्र वेगळं काढावं लागतं.

तपकिरी दांडा, वर लांब शुंडकांचा झुबका आणि धक्का लागताच आत ओढून घेणारं समुद्रफूल म्हणजे एप्टेशिया. ते खरवडू नका. राहिलेल्या तुकड्यातून नवं फूल वाढतं, एकाची दहा होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दगडावर शर्टाच्या बटणांसारख्या तपकिरी-हिरव्या चकत्या, एकाच जाड थरातून उगवलेल्या दिसल्या, तर थांबा. ते झोअँथिड असतात आणि त्यांतल्या पॅलिथोआच्या काही जातींत पॅलीटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. सगळे विषारी नसतात, पण नुसत्या डोळ्यांनी फरक करता येत नाही. ‘दगड उकळून घेऊ, सगळं मरेल’ हा सल्ला इथे जीवावर बेतू शकतो. उकळताना, गरम पाणी ओतताना किंवा ब्रशने घासताना विष हवेत उडतं. परदेशांत यामुळे अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेली आहेत. ताप, थंडी, खोकला, धाप, तोंडात विचित्र चव. डोळ्यात गेलं तर डोळ्याला इजा. असं काही झालं तर सगळ्यांनी खोलीबाहेर या, लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना ‘पॅलीटॉक्सिन’ हा शब्द सांगा. एरवीही अशा दगडाला हातमोजे आणि चष्म्याशिवाय हात लावू नका.

हे जीव त्यांच्या घरी बघायचे असतील, तर ओहोटीला मुंबईत हाजी अलीचे खडक बघा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक २०१७ पासून अशा किनाऱ्यांवर फेऱ्या काढतात आणि फोटोवरून जीव ओळखायला शिकवतात. पण तिथून काही उचलू नका. दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून संरक्षण आहे, तुकडा आणणंही गुन्हा ठरतो.

आणि टाकीतला नकोसा जीव विहिरीत, ओढ्यात किंवा समुद्रात सोडू नका. बरेचसे आगंतुक निरुपद्रवी असतात, त्यांना राहू द्या. जो ओळखू येत नाही त्याचा फोटो जाणकाराला दाखवा, आणि तोवर हात टाकीबाहेरच ठेवा.