अकरा मिनिटांच्या रिळातील टॅप नर्तक

१९३२ साली वॉर्नर ब्रदर्सच्या व्हायटाफोन विभागाने ‘पाय, पाय, ब्लॅकबर्ड’ या नावाचा एक लघुपट काढला. मराठी वाचकाला हे नाव वाचून पायांचीच आठवण व्हावी, हा एक गमतीचा योगायोग. मूळ नावातील ‘पाय’ हा खाण्याचा पदार्थ आहे आणि पडद्यावर तो इतका प्रचंड दाखवला आहे की, युबी ब्लेक यांचा अख्खा वाद्यवृंद आचाऱ्यांच्या वेषात त्याच्या आत बसलेला आहे. शेवटी दोन मुले नाचायला पुढे येतात. थोरला फेयार्ड निकोलस सतरा वर्षांचा, धाकटा हॅरल्ड अकरा वर्षांचा. संगीत तापत जाते आणि अखेरीस वादक व नर्तक यांचे सांगाडे होतात. पण वादन आणि नाच थांबत नाही. विनोद बाळबोध आहे. त्या दोन मुलांच्या पायांतील स्पष्टता मात्र आजही थक्क करते.

त्या काळी चित्रपटगृहाचा खेळ केवळ मुख्य चित्रपटाचा नसे. आधी वृत्तपट, व्यंगपट आणि एखादा संगीत लघुपट दाखवला जाई. हा लघुपट एका रिळाचा, म्हणजे सुमारे एक हजार फुटांचा व जास्तीत जास्त अकरा मिनिटांचा असे. काही दोन रिळांचे असत. त्यांना सरसकट ‘हॉलिवूडचे’ म्हणण्याची पद्धत आहे, पण व्हायटाफोनच्या लघुपटांपैकी पुष्कळसे न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागातील स्टुडिओत तयार झाले. कारण सरळ होते. ब्रॉडवे आणि हार्लेमचे कलावंत दिवसा तेथे येऊन चित्रीकरण उरकत आणि रात्री आपल्या रंगमंचावर उभे राहत.

व्हायटाफोनची सुरुवात ६ ऑगस्ट १९२६ रोजी ‘डॉन वॉन’ या चित्रपटाबरोबर दाखवलेल्या लघुपटांनी झाली. आवाज फितीवर नव्हे, तर सोळा इंचांच्या तबकडीवर मुद्रित केलेला असे. ही तबकडी मध्यापासून कडेकडे वाजे. सुई एकदा घसरली की चित्र आणि आवाज यांची फारकत होई. गायकाच्या बाबतीत प्रेक्षक एखादे वेळी ते चालवून घेईल. टॅप नर्तकाच्या बाबतीत सारेच कोसळते, कारण तेथे पाऊल पडणे आणि आवाज होणे ही एकच घटना असते. पुढे आवाज फितीवरच आला आणि ही अडचण संपली.

टॅपमध्ये बुटाच्या चवड्याला आणि टाचेला धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. चवडा पुढे-मागे घासून काढलेले दोन आघात, टाचेचा एक ठोका, अशा छोट्या छोट्या बोलांतून संपूर्ण रचना उभी राहते. कथकचा तत्कार ऐकलेल्या रसिकाला हे समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच की कथकात अनवाणी तळवा आणि घुंगरू बोलतात, येथे बूट आणि लाकडी जमीन. नर्तक प्रारंभी एक ठरावीक आवर्तन नाचून वादकांना लय देत असे. अर्थात तो वाद्यवृंदातील एक तालवादकच होय. कथकचे गुरू पंडित चित्रेश दास आणि अमेरिकी टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी अलीकडच्या काळात एकत्र प्रयोग केले, ते याच नात्याच्या बळावर.

या नृत्याची मुळे आफ्रिकी तालपरंपरेत आणि आयरिश व इंग्रज लोकनृत्यांत आहेत. १७४० साली दक्षिण कॅरोलायनाच्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास मनाई केली. त्यानंतर हातापायांनी ताल धरण्याला अधिक महत्त्व आले, असे नृत्याचे अभ्यासक मानतात.

लघुपटांकडे आज वळण्याचे खरे कारण असे की, कृष्णवर्णीय नर्तकांना मुख्य चित्रपटात जागा नव्हती. तेथे त्यांच्या वाट्याला मोलकरीण, हमाल, नोकर अशा भूमिका येत. नृत्य ठेवलेच तर ते कथानकापासून सुटे ठेवले जाई, म्हणजे दक्षिणेकडील राज्यांत दाखवताना तेवढा तुकडा कापता यावा. लघुपट मुळातच सुटा आणि स्वस्त असल्याने त्याच्या बाबतीत निर्माते एवढी चिंता करीत नसत. ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांचे एकमेव चित्रपटदर्शन १९२९ सालच्या ‘सेंट लुइस ब्लूज’ या लघुपटात घडते. बिल रॉबिन्सन, कोरा ला रेड, निकोलस बंधू यांचे नाच अशाच रिळांत जतन झाले.

ही जागा सन्मानाची होती, असे मात्र म्हणता येत नाही. १९३३ सालचा ‘रूफस जोन्स फॉर प्रेसिडेंट’ पाहावा. आईच्या मांडीवर झोपलेल्या कृष्णवर्णीय मुलाला आपण राष्ट्राध्यक्ष झाल्याचे स्वप्न पडते. आई आहे इथेल वॉटर्स आणि मुलगा आहे सात वर्षांचा सॅमी डेव्हिस ज्युनियर, जो पुढे जगप्रसिद्ध झाला. त्याचा नाच पाहून डोळे दिपतात. त्याच वेळी कोंबडी, कलिंगड आणि फासे यांवर बेतलेली कृष्णवर्णीयांची हेटाळणी अंगावर येते. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता येत नाहीत, आणि करूही नयेत असे मला वाटते. ज्या वर्षी निकोलस बंधू पडद्यावर आले, त्याच वर्षी ते हार्लेमच्या कॉटन क्लबमध्येही नाचू लागले. तेथे कलावंत कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक गोरे, असा रिवाज होता.

निकोलस बंधूंनी नृत्याचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. आईवडील फिलाडेल्फियातील नाट्यगृहात वादक होते. फेयार्ड समोरच्या खुर्चीत बसून नर्तक न्याहाळी आणि घरी येऊन ते स्वतः करून पाही. मग त्याने धाकट्या भावाला तयार केले.

रॉबिन्सन यांची चाल निराळी. ते लाकडी तळव्याचे बूट घालत आणि टाचांवर न रेलता चवड्यांवर नाचत. त्यांच्या जिना-नृत्यात प्रत्येक पायरी वेगळा नाद देई. वरचे अंग जवळजवळ स्थिर. सारी करामत गुडघ्याखाली.

या रिळांची एक किंमत रंगभूमीने मोजली. व्हॉडव्हिलचा कलावंत दहा मिनिटांचा एकच नाच घेऊन गावोगाव वर्षानुवर्षे फिरू शके. तोच नाच रिळात उतरला की गावोगावी एकदमच पोहोचे, आणि मागून प्रत्यक्ष आलेल्या नर्तकाजवळ दाखवायला नवे काही उरत नसे. बोलपट आल्यावर आपल्या संगीत नाटक कंपन्यांचे काय झाले, हे ठाऊक असलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

याच जॅझचे सूर आपल्याकडेही पोहोचले. लिऑन ॲबी १९३५ साली, आणि पुढे टेडी वेदरफर्ड, असे कृष्णवर्णीय अमेरिकी वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होते. त्या वातावरणात गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचे चिक चॉकलेट त्यांतलेच, सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त, १९५१ साली, ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतात.

१९४० ते १९४६ या काळात अमेरिकेत ‘साउंडीज’ हा प्रकार चालला. उपाहारगृहांतील पॅनोरॅम नावाच्या यंत्रात दहा सेंट टाकले की तीन मिनिटांची एक फीत दिसे. यंत्रात आठ फिती एकापाठोपाठ जोडलेल्या असल्याने हवी ती निवडण्याची सोय नव्हती. चित्र आरशांवरून परावर्तित होई, म्हणून फिती मुद्दाम उलट्या छापत. त्यामुळे आज काही प्रतींत ढोलावरील अक्षरे उलटी दिसतात आणि डावे पाऊल उजवे भासते. नाच शिकण्यासाठी त्या पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

व्हायटाफोनच्या सुरुवातीच्या लघुपटांची अडचण याहून मोठी. फीत एका ठिकाणी आणि तबकडी दुसऱ्या, अशी त्यांची ताटातूट झाली. १९९१ साली जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांनी ‘व्हायटाफोन प्रोजेक्ट’ सुरू करून खासगी संग्रहांतील तबकड्या शोधण्यास आणि त्यांची अभिलेखागारांतील फितींशी जोडी जुळवण्यास आरंभ केला. अनेक लघुपट त्यामुळे पुन्हा बोलू लागले. काहींची मात्र केवळ तबकडीच हाती लागली आहे. तिच्यावर नाच असेल, तर पाय ऐकू येतात. नर्तक दिसत नाही.