कोर्टात लपवलेला कॅमेरा

खुनाच्या खटल्यातला पुरावा कोर्टाबाहेर खेळणं म्हणून विकला गेलाय, हे खरं वाटेल? १९३५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, फ्लेमिंग्टन नावाच्या छोट्या गावात हे घडलं. विमानाने एकट्याने अटलांटिक पार करणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गच्या वीस महिन्यांच्या बाळाचं अपहरण आणि खून झाला होता. आरोपी होता ब्रूनो हाउप्टमान, धंद्याने सुतार. बाळाच्या खोलीपर्यंत चढायला वापरलेली लाकडी शिडी हा सरकारपक्षाचा हुकमी पुरावा. ती शिडी कोर्टात उभी होती, तेव्हा बाहेर रस्त्यावर तिच्या चिमुकल्या प्रतिकृतींची विक्री जोरात चालली होती. ‘बाळाचे केस’ म्हणून खोट्या बटाही खपत होत्या. एका मेलेल्या लेकराच्या नावावर चाललेला हा बाजार आजही संताप आणतो.

आरोपीच्या वकिलाची, एडवर्ड रायलीची फी भरली वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या वृत्तपत्राने. बदल्यात आरोपीच्या बायकोच्या मुलाखती फक्त त्यांना. ज्युरीचा मुक्काम कुठे, तर कोर्टासमोरच्या युनियन हॉटेलात. बातमीदारांचा अड्डाही तिथेच!

न्यायाधीश ट्रेंचर्ड यांनी कामकाज चालू असताना चित्रण करायचं नाही, असं बजावलं होतं. तरी बातमीपट बनवणाऱ्या न्यूजरील कंपन्यांनी एकत्र येऊन सज्जात एक कॅमेरा बसवला आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तो झाकून ठेवला. उलटतपासणीत घामाघूम झालेला हाउप्टमान मग गावोगावच्या थिएटरांत मुख्य सिनेमाच्या आधी झळकला. खटला अजून संपलेला नव्हता, आणि प्रेक्षकांचा निकाल लागूनही गेला होता.

चुरस इतकी, की असोसिएटेड प्रेसने निकाल सर्वांत आधी कळावा म्हणून चोरट्या रेडिओ-संकेतांची सोय केली. १३ फेब्रुवारीला भलताच संकेत आपला समजून त्यांनी देशभर बातमी सोडली: दोषी, जन्मठेप. प्रत्यक्षात शिक्षा होती मृत्युदंडाची. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, वकिलांच्या अमेरिकन बार असोसिएशनने कोर्टात कॅमेरे आणि प्रक्षेपण नको असा दंडक घातला.

इंग्लंडने हे १९२५ सालीच कायद्याने उरकलं होतं. फोटो तर नाहीच, कोर्टात बसून रेखाटनसुद्धा करायचं नाही. त्यामुळे तिथल्या चित्रकाराला आरोपीचा चेहरा डोळ्यांत साठवून बाहेर यावं लागतं आणि मगच कागद हातात घेता येतो.

अमेरिकेत कॅमेऱ्यांना बंदी आली, पण वृत्तपत्रांना लगाम नव्हता. क्लीव्हलँडच्या डॉ. सॅम शेपर्डवर १९५४ मध्ये पत्नीच्या खुनाचा आळ आला. ‘क्लीव्हलँड प्रेस’ने तर हा माणूस अजून तुरुंगात का नाही, असा सवाल पहिल्या पानावर केला. ज्युरीतल्या माणसांची नावं-पत्ते छापून आले. त्यांना पत्रं आली, फोन आले. शेपर्डने दहा वर्षं तुरुंगात काढली. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी हा खटला न्याय्य नव्हता असं ठरवलं. फेरसुनावणीत तो सुटला.

८ विरुद्ध १ म्हटलं की मुंबईकरांना मात्र दुसराच खटला आठवतो. २७ एप्रिल १९५९ला नौदलाचा कमांडर कावस नानावटी याने मलबार हिलवर बायकोचा प्रियकर प्रेम अहुजा याला गोळ्या घातल्या. रूसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटीची बाजू उघड उचलून धरली. २५ पैशांचा अंक दोन-दोन रुपयांना जाऊ लागला. झटापटीत गोळ्या सुटल्या, असं नानावटीचं म्हणणं होतं. त्यावर सरकारी वकिलांचा मुद्दा साधा आणि जबरदस्त होता: अहुजा आंघोळ करून नुसता टॉवेल गुंडाळून आला होता, झटापट झाली असती तर तो टॉवेल सुटला असता, पण तो जागच्या जागी होता. कोर्टात हा टॉवेल आरोपीच्या मुळावर येत होता. रस्त्यावर फेरीवाले ‘अहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ विकत होते! फ्लेमिंग्टनच्या शिडीची हीच तर गत झाली होती. ज्युरीने आठ विरुद्ध एक असा ‘निर्दोष’चा कौल दिला. सेशन्स जज्ज मेहतांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. पुढे १९६४ मध्ये नानावटीला माफी मिळाली. वर्तमानपत्राने ज्युरीच्या मनात किती घर केलं होतं हे मोजता येत नाही. पण त्या गदारोळात कोरं मन घेऊन बसणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं, असं मला ठामपणे वाटतं.

लोकांचं मत बनवायला नुसता फोटोही पुरतो. जून १९९४ मध्ये खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ दोघांच्या मुखपृष्ठावर आला. ‘टाइम’ने तो गडद करून छापला. दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी-शेजारी लागले आणि लोकांना फरक लगेच दिसला.

आणि मुंबईत? अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या वार्तांकनावर मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये वाहिन्यांना बजावलं: साक्षीदारांच्या मुलाखती घेऊ नका, गुन्ह्याचा प्रसंग नटवून दाखवू नका, आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब दाखवताना तो कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे लोकांना सांगा.