दवाच्या साच्यातला पापुद्रा

पावसाळ्यात गार पाण्याचा पेला टेबलावर ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो. हवेतली वाफ गार भांड्यावर थेंब होऊन बसते. याच थेंबांचा साचा करून वायू ओळखणाऱ्या संवेदकांसाठी सच्छिद्र पापुद्रा बनवता येतो.

त्यासाठी लागते संयुग्मी पॉलिमर. त्याच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने येतात, त्यामुळे साखळीतून विद्युतभार सरकू शकतो. वीज वाहून नेणाऱ्या अशा पॉलिमरच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अमोनियाचा रेणू साखळीशी जाऊन चिकटला की धनभार अडखळतात आणि प्रवाह घटतो. मीटरवर दिसते ती हीच घट. मूत्रपिंडे बिघडली की श्वासातला अमोनिया वाढतो, म्हणून या वायूवर एवढे लक्ष.

छिद्रे कशाला हवीत? असा संवेदक बहुधा ट्रान्झिस्टरच्या रूपात असतो. ट्रान्झिस्टरमधला प्रवाह पापुद्र्याच्या एका बाजूला, विद्युतरोधक थराला लागून, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीत वाहतो. हा थर बहुधा तळाशी असतो आणि वायू येतो वरून. पापुद्रा भरीव असेल तर वायूला मुरत मुरत खाली जावे लागते. उत्तर उशिरा येते, तेही क्षीण. छिद्रे असली की वाट मोकळी होते.

आता कृती. पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेवर पसरतात आणि वरून दमट हवेचा मंद झोत सोडतात. क्लोरोफॉर्म झपाट्याने उडतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग गारठतो, त्यावर बारीक दव धरते. नितळ द्रावण पाहता पाहता दुधाळ होते. थेंबांभोवती पॉलिमरची साय धरते, त्यामुळे ते एकमेकांत मिसळत नाहीत, शेजारी शेजारी षट्कोनी रांगा लावतात. शेवटी पाणीही उडते. उरते मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. तिरपी धरली तर तिच्यावर इंद्रधनुष्याचे रंग खेळतात. ही रीत १९९४ मध्ये फ्रान्समधल्या बर्नार्ड फ्रांस्वा आणि सहकाऱ्यांनी मांडली. साचा आपणहून जमतो आणि आपणहून निघून जातो, धुवायलाही लागत नाही, हे मला फार सुंदर वाटते.

वायूच नव्हे, प्रथिनेही अशा जाळीने ओळखता येतात. साधारण मायक्रॉनभर रुंदीच्या या छिद्रांत प्रतिपिंडे सहज मावतात. ती भिंतींना जोडली की रक्तातले ठरावीक प्रथिन तिथे अडकते. मात्र छिद्रे फार दाटली तर विजेचीच वाट तुटते. शिवाय तयार पापुद्र्यावर हवेतल्या दमटपणाचाही परिणाम होतो, म्हणून श्वास आधी कोरडा करून घ्यावा लागतो, नाहीतर आर्द्रता वेगळी मोजून तेवढा फरक वजा करावा लागतो.