जन्मतारखेत दडलेले नाव

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव विवेकानंद आश्रमामुळे आणि तेथील शाळा-महाविद्यालयांमुळे बुलढाणा जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. तेथील मुलेही शिक्षण संपले की नोकरीसाठी अर्ज करू लागतात. समजा, तुमची ताई याच गावची आहे आणि तिच्या मोबाईलवर एक जाहिरात आली : 'नाव कळवू नका. जन्मतारीख, गाव आणि स्त्री की पुरुष एवढेच भरा. कोणत्या नोकरीस पात्र आहात ते सांगू.' नावच दिले नाही, म्हणजे ओळख गुप्त राहिली, असे ताईला वाटेल. खरोखर तसे आहे का? गणित मांडून पाहू.

वयाची १८ ते ३७ ही वीस वर्षे घेऊ. त्यांत सुमारे ७,३०५ जन्मदिवस येतात. प्रत्येक दिवसाचे दोन कप्पे करा, एक मुलींचा व एक मुलांचा. झाले १४,६१० कप्पे. गावात या वयाचे १,५०० तरुण-तरुणी आहेत असे धरू. हा आकडा केवळ उदाहरणापुरता. माणसे थोडी आणि कप्पे दसपट! संभाव्यतेच्या नियमाने हिशेब केला, तर शंभरांतले सुमारे नव्वद जण आपापल्या कप्प्यात एकटेच सापडतात. (आजी-आजोबांच्या पिढीत मात्र १ जूनच्या कप्प्यात भलतीच दाटी होईल. शाळेत नाव घालताना गुरुजी पुष्कळदा हीच तारीख लिहीत!) आता तारीख सोडून नुसते जन्मसाल द्या. कप्पे उरतात ४०, आणि प्रत्येकात सरासरी ३७-३८ माणसे. ताई त्या गर्दीत सुरक्षित राहते.

कप्प्यावरचे नाव कसे कळते? चौकातला वाढदिवसाचा फलक आणि मोबाईलवरच्या शुभेच्छा ते काम फुकट करतात. अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधिकेने १९९७ च्या सुमारास नावे काढून टाकलेल्या रुग्णालयीन नोंदी मतदारयादीशी ताडून पाहिल्या. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा विभाग क्रमांक एवढ्यावरून मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरांचीच नोंद तिला सापडली.

मग पुढे फोन येतो. 'तुमची जन्मतारीख अमुक ना? नोकरी पक्की झाली, आता आलेला ओटीपी सांगा.' तारीख बरोबर निघाली की समोरच्यावर विश्वास बसतो, आणि लबाडाला तेवढेच हवे असते.

सरकारी भरतीत पूर्ण जन्मतारीख द्यावीच लागते. ती अधिकृत संकेतस्थळ पारखून द्यावी. अनोळखी जाहिरातीला मात्र 'वय १८ पूर्ण' एवढे उत्तर पुरे. ओळखपत्र मागितलेच, तर शेवटचे चारच अंक दाखवणारे आधारपत्र मिळते, ते वापरावे. झेरॉक्सवर कोणत्या कामासाठी दिली ते व तारीख लिहून, आडवी सही करावी. सेवा केंद्राच्या संगणकावर उतरवलेली प्रत पुसून घ्यायला बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते खरी गळती तेथेच होते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तेव्हा 'ही माहिती कशाला हवी?' असे विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही.

वर्गात एक प्रयोग करा. प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर पूर्ण जन्मतारीख लिहावी. एकट्या पडलेल्या चिठ्ठ्या मोजा. मग नुसते साल धरून पुन्हा मोजा. आणि हो, मोजणी झाल्यावर चिठ्ठ्या फाडून टाका!