बारा व्होल्टची ओळ

संगणकातली हार्ड डिस्क टकटक करून मध्येच थांबू लागली, तेव्हा तिच्यात चार वर्षे गावोगाव फिरून काढलेली मोडी कागदपत्रांची छायाचित्रे होती. दुरुस्तीवाल्याने डिस्क गेल्याचे सांगितले. नवी आणली, आठवड्याभरात तीही टकटकू लागली. मग मल्टिमीटर घेऊन पॉवर सप्लायपाशी बसलो.

घरातली २३० व्होल्टची एसी वीज सप्लाय डीसीमध्ये बदलतो आणि ठरावीक दाबांवर पुरवतो. अशा प्रत्येक दाबाच्या वाटेला रेल म्हणतात. नारिंगी तार ३.३ व्होल्टची, लाल ५ ची, पिवळी १२ ची. काळी सर्वांची परतीची. डिस्कच्या चकत्या फिरवणारी मोटर १२ वर चालते. प्रमाणकानुसार पाच टक्के कमीजास्त चालते, म्हणजे पिवळी तार ११.४ च्या खाली जाता कामा नये. संगणक रिकामा असताना माझी ११.८ दाखवत होती. व्हिडिओचे जड काम लावले, तशी ती ११.१ वर उतरली आणि लाल ५.३ वर चढली. स्वस्त सप्लायमध्ये या दोन रेलचे नियमन एकत्रच होते. एक दबली की तो दोघींनाही उचलायला जातो. (हे मोजमाप बाहेरच्या जोडणीवर करावे. सप्लायचे खोके उघडू नये. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरतो.)

लेबलवर ठळक ४५० वॉट होते. खाली बारीक अक्षरांत कमाल अँपिअर: ३.३ ला २०, ५ ला २५, १२ ला १४, उणे १२ ला ०.५, आणि संगणक बंद असतानाही जाग्या राहणाऱ्या ५ व्होल्टच्या जांभळ्या तारेला २. व्होल्ट गुणिले अँपिअर केले: ६६, १२५, १६८, ६, १०. बेरीज ३७५!

१९८१ च्या आयबीएम पीसीचा सप्लाय ६३.५ वॉटचा होता. ५ व्होल्टवर ७ अँपिअर, १२ वर २, उणे ५ वर ०.३, उणे १२ वर ०.२५. बेरीज करून पाहा, बरोबर ६३.५ येते. त्यात निम्म्याहून अधिक वाटा ५ व्होल्टचा, कारण तेव्हाच्या चिपा थेट ५ वर चालत. आजच्या प्रोसेसरला साधारण १ व्होल्ट लागतो. तो त्याच्या शेजारीच, मदरबोर्डवर, १२ पासून तयार करतात. २००० साली पेंटियम ४ आला, तो यासाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी घेऊनच. १०० वॉट ५ व्होल्टवर न्यायचे तर २० अँपिअर लागतात, १२ वर आठच्या आसपास. तारेत तापून वाया जाणारी वीज सुमारे एक षष्ठांशावर येते. म्हणजे माझ्या सप्लायची खरी कामाची ताकद १६८ वॉट, आणि तीही कागदावर.

नवा सप्लायही ४५० चाच घेतला, पण १२ व्होल्टच्या ओळीत ३६ अँपिअर पाहून. जड कामातही पिवळी तार ११.९ वर राहते. मग ‘गेलेली’ पहिली डिस्क कपाटातून काढून जोडली. एक फोल्डर सोडून सगळे उघडले.