खाणीचे पाणी आणि पाटाचे दार

सभासद बंधूंनो, पाण्याची पाळी चुकली की उभे पीक कशी मान टाकते, हे आपणांस सांगायला नको. पण पाटाला पाणी आहे, पीक तहानलेले आहे आणि तरी शेतकरी आपणहून दार पाडतो, असा प्रसंग अमेरिकेत २०१५ साली घडला. तो आम्ही येथे मुद्दाम देत आहोत.

कोलोरॅडो राज्यात सिल्व्हर्टन गावाच्या वर, डोंगरात, गोल्ड किंग नावाची सोन्याची बंद पडलेली खाण आहे. तिचे तोंड दगडमातीने बुजून आत पाणी तुंबले होते. ५ ऑगस्टला सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची माणसे तिथे खोदकाम करीत असता बूच उडावे तसे पाणी फुटले. सुमारे १ कोटी १३ लाख लिटर! खालची अॅनिमस नदी हळद कालवल्यागत पिवळी झाली.

असे पाणी आंबट असते. खडकातल्या लोह-गंधकाच्या खनिजाला हवापाणी लागले की गंधकाम्ल तयार होते आणि ते शिसे, जस्त, कॅडमियम विरघळवून बरोबर आणते.

लोंढा डुरँगो शहरापाशी यायला दिवसाहून जास्त वेळ लागला. तेवढ्यात खालच्या पाटांची दारे पडली. त्याखाली सॅन हुआन नदीकाठी नावाहो आदिवासींची शेती. त्यांना खबर मिळाली ती दुसऱ्या दिवशी. वरच्याने खालच्याला वेळेवर सांगायचे नाही, ही खोड आपल्याकडचीच नव्हे!

शिपरॉकच्या शेतकऱ्यांचा मका, खरबुजे, लसूणघास रानात उभा होता. काही दिवसांनी सरकारी तपासण्यांत नदी पूर्ववत झाल्याचे निघाले. तरी शिपरॉककरांनी सभा भरवून पाट वर्षभर बंद ठेवण्याचा ठराव एकमताने केला. पिके वाळली. यावर कुणी म्हणेल, हा हट्ट झाला. आम्हांस तसे वाटत नाही. रानात मीठ चढलं तर चर काढून, निचरा करून ते बरंचसं घालवता येतं. शिसं मातीला चिकटलं की पाण्याबरोबर निघत नाही. शिवाय नदी निवळली तरी गाळ तळाशी राहतो आणि पुढच्या पुरात पुन्हा उठतो. नुकसानीपोटी नावाहोंना केंद्र सरकारकडून ३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड मिळाली, पण ती २०२२ साली, म्हणजे सात वर्षांनी.

आता उपाय पाहा, तो आपल्या ओळखीचा आहे. आपल्या कारखान्यात रसाला चुन्याची निवळी देतात, आंबटपणा मोडतो आणि मळ खाली बसतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये खाणीखाली ग्लॅडस्टन येथे जे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले, तिथेही चुनाच घालतात. आंबटपणा मोडला की विरघळलेले धातू गाळ होऊन खाली बसतात आणि वरचे पाणी ओढ्याला सोडतात. फरक एवढाच, की आपली प्रेसमड ट्रॉली भरून रानात जाते. तो गाळ शेतात टाकता येत नाही. तो पाणी काढून घट्ट करायचा आणि राखून ठेवायचा. आणि खाण झिरपत राहील तोवर चुना घालणे थांबवता येत नाही.